मामांच्या गोळीनं आणलेले पाहुणे

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते. आणि खरं सांगू? वाचून झाले की नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवते आणि आम्ही दोघं पोट धरून हसतो. पांढरी साडी, विहिरीवरची बाई, मागं वळून बघू नकोस... मला हे कधी पटलंच नाही. मी बीएस्सी केमिस्ट्री. लग्नाआधी उदगीरला शाळेत शिकवत होते. अमावस्येला नखं कापते, आणि कुणी टोकलं तर त्यांचीही कापून देऊ का म्हणून विचारते. तेव्हा मीच इथं लिहायला बसलेय याचं माझं मलाच हसू येतंय. पण एक पोरगी आज जिवंत आहे, आणि ती कशामुळं वाचली याचं उत्तर माझ्या केमिस्ट्रीत काही केल्या बसत नाही. म्हणून लिहिते. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा, मीही हसतच होते.

आमचं घर लातूरला. क्लासेसचे मोठमोठे बोर्ड जिथं लागलेत त्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत. गोष्ट कोरोनाच्या आधीची. खाली आम्ही तिघं — मी, आमचे हे आणि माझे सासरे. वर दोन खोल्या, त्यात मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीला आलेल्या मुली. आमच्या भागात आता घरोघरी हेच आहे... वरचा मजला चढवला की पोरी ठेवायच्या, आणि त्यांच्या भाकऱ्या आपणच थापायच्या. वर जायला बाहेरून लोखंडी जिना. त्या जिन्याच्या पायथ्याशी पत्र्याची पडवी, आणि पडवीत मामांची खाट. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात.

एवढं पक्कं घर असून म्हातारा माणूस पडवीत का, असं येणारा-जाणारा विचारतोच. तर भूकंपापासून मामा स्लॅबखाली झोपलेलेच नाहीत. तेव्हा त्यांचं भुसाराचं दुकान होतं. भूकंपाच्या सकाळी गल्लीतल्या माणसांबरोबर ट्रकमध्ये ज्वारी आणि चादरी घालून ते किल्लारीकडं गेले, आणि ज्वारी वाटायची राहिली बाजूला, माती उपसायला लागले. परत आल्यावर तिथलं एक अक्षर बोलले नाहीत. हे सगळं मला सासूबाईंनी सांगितलेलं. पुढं घरावर स्लॅब टाकला, वर मजला चढला, सासूबाई गेल्या, पण मामा पत्र्याखालीच राहिले. आम्ही आग्रह करणं सोडून दिलं होतं.

मग त्यांना कंपवात झाला. हात थरथरायचे, चालताना पाय एकदम जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. वाटीतलं वरण तोंडापर्यंत जाईस्तोवर सदऱ्यावर. मी भरवायला लागले. तोंड उघडायचे बिचारे, पण माझ्याकडं बघायचे नाहीत. आयुष्यभर दुसऱ्याला तागडीनं मोजून देणारा माणूस... सुनेच्या हातचा घास त्यांना किती लागत होता ते मला दिसत होतं. मेंदूच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली, आणि बघता बघता मामा पुन्हा आपल्या हातानं भाकरी मोडून खायला लागले. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदानं.

आणि मग पाहुणे यायला लागले.

पहिल्यांदा मला हाक आली, "सुनंदा, पाहुन्यास्नी पानी दे." मी तांब्या घेऊन बाहेर आले तर पडवीत मामा एकटेच.

"कोण पाहुणे, मामा?"

"ते काय, भिंतीपाशी बसून राहिलेत की. लई लांबून आलेत. अंगावर माती बग कितीक."

भिंतीपाशी माझ्या चपला होत्या, बाकी काही नव्हतं. मामा मात्र तिकडं हात जोडून "शरणार्थ" म्हणाले, जसं दुकानात गिऱ्हाइकाला म्हणायचे. त्यांना एक पागोटेवाला दिसायचा, दोन पोरं दिसायची, आणि एक बाई. हिरव्या लुगड्यातली, केसांत माती भरलेली. कुणी बोलायचं नाही. नुसते बसायचे, आणि मामांची जेवायची वेळ झाली की उठून जायचे. शिष्टाचाराचे होते म्हणायला हरकत नाही.

मी घाबरले का? हो, घाबरले. पण भुताला नाही, मामांच्या डोक्याला काही झालं की काय म्हणून. सरळ डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर म्हणाले, या गोळीनं होतं असं. माणसं दिसतात, पोरं दिसतात, कुणाला मांजरं दिसतात. बहुतेक वेळा ती गप्पच असतात.

"मामा घाबरतात का त्यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"घाबरतायत कुठले, चहा ठेव म्हणतात त्यांच्यासाठी."

डॉक्टर हसले. म्हणाले, मग एवढ्यात गोळी कमी नको करायला, हात पुन्हा अडतील. मनानं बंद तर अजिबात करायची नाही. "पण एक लक्षात ठेवा. ती माणसं बोलायला लागली, हे कर ते कर असं सांगायला लागली, तर मला लगेच फोन करायचा. मग डोस बघावाच लागेल."

साइड इफेक्ट! मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. एकदा गोष्टीला नाव मिळालं की माझी निम्मी काळजी जाते. माझी नणंद शोभाताई रेणापूरला असते, तिला मात्र हे काही पटलं नाही. ती आली ती लिंबू घेऊनच. "वैनी, गोळीनं माती लागलेली मानसं दिसत असतेत का कुटं? तू माहूरच्या रेणुकामायला नवस बोल." मी म्हटलं, ताई, नवस तुम्ही बोला, गोळीची वेळ मी सांभाळते. तिनं पडवीच्या वाशाला लिंबू बांधलं. ती गेल्यावर मी ते सोडलं आणि सरबत करून प्याले. चांगलं रसाळ निघालं.

हळूहळू आम्हाला सवयच झाली. मी भिंतीपाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायची, मामांचं समाधान. आमचे हे बँकेतून आले की विचारायचे, आज मुक्कामाला कोण कोण आहे? वरच्या पोरीही जाता-येता भिंतीला वळसा घालून जायच्या आणि मामांकडं बघून हसायच्या. त्यात अफरीन सगळ्यात मोकळी. नांदेडची, वडलांचं टेलरिंगचं दुकान, घरातली पहिलीच डॉक्टर व्हायला निघालेली. ती मामांच्या खाटेवर बसून विचारायची, "आजोबा, आज पाहुण्यांमधी कोणी बायोलॉजीवाला हाय का?" मामा गंभीरपणे भिंतीकडं बघून म्हणायचे, "न्हाई दिसत."

तर त्या दिवशी सकाळी अफरीन खाली आली ती घसा धरून. आवाज बसलेला. "काकू, आज क्लासला नाही जात. झोपते जरा. जेवायला उठवू नका."

"डॉक्टरकडं चल माझ्याबरोबर."

"रविवारी टेस्ट हाय काकू, टेस्ट झाली की जाते."

मी मिठाचं गरम पाणी दिलं आणि वर पाठवली. बाकीच्या पोरी क्लासला गेल्या. संध्याकाळपर्यंत वर कुणी फिरकणार नव्हतं, आणि मलाही उठवू नका म्हणून सांगितलेलं. हे मुद्दाम लिहितेय... कारण नंतर मी याच एका गोष्टीवर पुन्हा पुन्हा येत राहिले. संध्याकाळपर्यंत कुणीही गेलं नसतं.

दुपारची वेळ. आमचे हे बँकेत. मी ओट्यापाशी मेथी निवडत होते. बाहेरून मामांची हाक आली, पण नेहमीसारखी नव्हती. जोरात आणि घाईची.

"सुनंदा! ती बाई बोलली!"

मी मेथी तशीच टाकली. बाहेर गेले. मामा खाटेवर ताठ बसलेले, नजर भिंतीकडं.

"काय बोलली, मामा?"

"वरच्या पोरीनं दुसरीची गोळी खाल्ली म्हनली. तिचा गळा आवळून राहिलाय. जल्दी जा म्हनली."

आता माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते प्रामाणिकपणे सांगते. अफरीन नाहीच आली. आले ते डॉक्टर — बोलायला लागली तर फोन करा. म्हणजे आता डोस कमी होणार. म्हणजे मामांचा हात पुन्हा अडणार, पुन्हा ते भरवणं, पुन्हा ते माझ्याकडं न बघणं. मला इतकं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आणि मी आत जाऊन मोबाइल आणला, डॉक्टरांचा नंबर शोधायला लागले.

"मामा, शांत बसा. डॉक्टरांना फोन लावते."

"डाक्टरला कामून? पोरीकडं जा!"

"पोरगी झोपलीय मामा. सकाळीच सांगून गेलीय."

"झोपली न्हाई म्हनून राहिलोय ना मी!"

मामा माझ्यावर कधी ओरडलेले नाहीत. त्या दिवशी ओरडले. आणि मग उठले. आधार न घेता, काठी न घेता. ज्या माणसाचे पाय दारातनं संडासापर्यंत जाताना दहादा अडायचे, तो माणूस तरातरा चालत जिन्यापाशी गेला आणि कठडा धरून पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मला धडकीच भरली. लोखंडी जिना, उभा, वरून पडले तर संपलंच. मी मोबाइल खाटेवर फेकला आणि त्यांना दंडाला धरून मागं ओढलं.

"मी जाते! मी जाऊन बघते, तुम्ही बसा आधी!"

म्हणजे बघा, मी वर गेले ती फक्त त्यांना गप्प बसवायला. जिना चढताना काय काय पुटपुटत होते ते इथं छापता येणार नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं...

अफरीन खाली फरशीवर होती. कॉटला पाठ लावून. तोंड ओळखू येत नव्हतं — डोळे सुजून बारीक झालेले, ओठ जाड, मानेवर लाल लाल गांधी. श्वास घेतानाचा तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे, शिट्टीसारखा बारीक. बोलता येत नव्हतं. तिनं मला बघितलं आणि हात गळ्याकडं नेला.

पुढचं सगळं तुकड्या-तुकड्यानं आठवतं. मी गॅलरीतून ओरडले. खाली रिक्षावाला उभा होता, तो धावत वर आला, त्यानं तिला लहान मुलासारखं उचललं. जिन्यापाशी मामा उभेच होते, बाजूला झाले. गल्लीच्या तोंडाशीच एक दवाखाना आहे, आत शिरताना मीच किंचाळले, "गोळी खाल्लीय हिनं! दुसऱ्या कुणाचीतरी गोळी खाल्लीय!"

मी असं म्हणाले, हे मला माझ्या तोंडून बाहेर पडल्यावर कळलं.

डॉक्टर तरुण होते. एकदा तिच्या मानेकडं बघितलं आणि मांडीत इंजेक्शन दिलं. ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं. मी तिचे तळपाय चोळत बसले, उपयोग काही नव्हता, पण हातांना काहीतरी पाहिजे होतं. आणि मग ती शिट्टी कमी कमी होत गेली. छाती नीट वर-खाली व्हायला लागली. अफरीननं डोळे किलकिले केले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काकू... टेस्ट..." मी तिला तिथंच एक शिवी हासडली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले.

डॉक्टर म्हणाले, "गोळीचं तुम्ही लगेच सांगितलंत हे फार बरं केलंत. अशा वेळी मिनिटं महत्त्वाची असतात. कोणती गोळी होती?"

"माहीत नाही."

"म्हणजे खाताना बघितलं नाही तुम्ही?"

"नाही."

"मग गोळी खाल्ली हे सांगितलं कुणी?"

काय सांगणार? म्हटलं, घरी पाहुणे आलेत, त्यांनी. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या पेशंटकडं गेले.

संध्याकाळी पोरी आल्यावर खरा प्रकार कळला. वरच्या मजल्यावर एक रीत पडली होती, आम्हाला पत्ताच नव्हता. एकीनं डॉक्टरकडं जायचं, गोळ्या लिहून आणायच्या, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात टाकायच्या. पुढं तोच त्रास दुसरीला झाला की त्या डब्यातून घ्यायच्या. कारण डॉक्टरकडं नंबर लावला की अर्धा दिवस जातो, लेक्चर बुडतं, मागं पडतो. या पोरींना ताप परवडतो, लेक्चर बुडलेलं परवडत नाही. अफरीननं दुपारी त्या डब्यातली वरच्याच ऋतुजाची टॉन्सिलची गोळी घेतली होती. ऋतुजाला ती मानवली होती, अफरीनला मानवली नाही. पाकीट उशीखाली सापडलं. तो डबा मी त्याच दिवशी रिकामा केला, आणि पोरींना रांगेत उभं करून जे काही सुनावलं ते गल्लीनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून अफरीनची आई आली. दवाखान्यात लेकीच्या छातीवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "भाभी, ल्हानपनी एका सुईनं हिच्या अंगभर गांधी उठल्या व्हत्या. डाक्टरनं सांगितलं व्हतं ध्यानात ठेवा म्हनून. इतक्या सालांत डोक्यातूनच गेलं बगा." मी म्हटलं, आता नाही जाणार.

घरी आल्यावर ती मामांना भेटली. अफरीननं तिला सगळं सांगितलेलं असावं. तिनं विचारलं, "बाबा, कुटं बसती ती बाई?" मामांनी भिंतीकडं बोट दाखवलं. ती माउली डोक्यावरचा पदर सारखा करून त्या रिकाम्या भिंतीसमोर उभी राहिली, वाकली आणि म्हणाली, "सलाम, आपा. तुमची लई मेहरबानी." मी शेजारीच उभी होते. इतर वेळी असतं तर तोंडात पदर कोंबून आत पळाले असते. त्या दिवशी माझेही हात जोडले गेले.

त्या रात्री आमचे हे म्हणाले, काही नाही गं, वर ती पडली असेल, आवाज आला असेल. बरं, आला असेल. पण मामांना टीव्ही गल्लीला ऐकू जाईल एवढा मोठा लागतो. आणि पडल्याच्या आवाजात गोळी कुठून आली? मग मला वाटलं, सकाळी पोरी जिन्यात बोलल्या असतील आणि मामांच्या कानावर पडलं असेल. मी एकेकीला बसवून विचारलं, मास्तरणीसारखं. कुणी बोललं नव्हतं. अफरीननं तर गोळीचं ठरवलंच दुपारी, खोलीत एकटी असताना. मेंदूच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे मला कुठल्या पुस्तकात दाखवता येणार नाही."

शेवटी मामांनाच विचारलं. ती बाई कोण, मामा? ओळखीची आहे का? ते भिंतीकडं वळले. मग म्हणाले, "तोंड तवा बगितलंच न्हाई. आवाज वळकला. मातीखालनं येत व्हता. आमी उपसून राहिलो, उपसून राहिलो... उशीर झाला." एवढंच. इतक्या वर्षांत भूकंपाचं ते पहिल्यांदा बोलले, आणि बोलून झाल्यावर चहा मागितला. स्वतःसाठी.

डॉक्टरांनी गोळी थोडी कमी केली. पाहुणे यायचे बंद झाले. मला धाकधूक होती की मामांना चुकल्या-चुकल्यासारखं होईल, पण तसं काही झालं नाही, उलट झोप चांगली लागायला लागली. हात थोडा मंदावला. जाड दांड्याचा चमचा आणला, त्यानं ते आपलं आपण जेवतात, अजूनही. मला भरवावं लागत नाही. शोभाताई म्हणते, देवीनं केलं. आमचे हे म्हणतात, योगायोग. मी काहीच म्हणत नाही, माझा जीव भांड्यात पडलाय तेवढा मला पुष्कळ आहे.

ती टेस्ट बुडाली, पण अफरीनला पुढं एमबीबीएस मिळालं. आता ती वॉर्डात जाते. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "काकू, आम्हाला पेशंटची हिस्टरी लिहायला शिकवून राहिलेत. पेशंटला स्वतःला बोलता येत नसेल तर माहिती कोणी दिली ते आधी लिहायचं असतं. सरावाला मी माझीच केस घेतली. तिथं कोणाचं नाव टाकू?"

"माझं टाक की."

"तुम्हाला कुठं माहीत होतं, काकू?"

"मग मामांचं टाक."

"आजोबांना तरी कुठं माहीत होतं..."

केमिस्ट्रीची पदवीधर मी, आणि होऊ घातलेली डॉक्टर ती. आणि दोघी अडलो एका नावावर.

"मोकळी सोडू ती जागा?"

"सोड मोकळी," मी म्हटलं.

मग ती हसली, आणि हॉस्टेलच्या मेसमधल्या जेवणाला नावं ठेवायला लागली. भरभर बोलते पोरगी, आधीपासूनच. बोलता बोलता मध्येच दम घ्यायला थांबायची, आणि तिनं घेतलेला तो श्वास मला इकडं लातुरात अगदी स्वच्छ ऐकू येत होता.